कुंपणाचा खांब मातीच्या तोंडाशी कुजतो



कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद कोणाकडे मागायची, अशी आपल्याकडे म्हण आहे. म्हणीतले कुंपण स्वतः शेत खाते. आपल्या बांधावरचे कुंपण तसे करीत नाही, पण ते पडले म्हणजे दुसऱ्याला मात्र खाऊ घालते. ज्वारी हुरड्यात यावी, हरभऱ्याला घाटे धरावेत आणि नेमका त्याच दिवसांत बांधावरचा एक खांब बुडातून मोडावा, हा अनुभव गावोगावचा आहे. एक खांब आडवा झाला की तार ढिली पडते. तार ढिली पडली की शेजारचे दोन खांब वाकतात. तेवढ्या वाटेने मोकाट गुरे शिरतात, रानडुकरे शिरतात आणि विदर्भाकडे तर रोह्यांचा कळपच आत उतरतो. खांबाची किंमत थोडी असते, पण त्याच्या मागे उभे असलेले पीक सबंध घराच्या वर्षभराच्या कष्टाचे असते.

खांब मोडला की आपण म्हणतो, लाकूडच हलके निघाले. कधी ते खरेही असते. पण पुष्कळदा लाकडापेक्षा आपल्या रोवण्याच्या पद्धतीचा दोष असतो. चांगल्या लाकडाचा खांब वाईट रीतीने रोवला तर तो लवकर जातो आणि मध्यम प्रतीच्या लाकडाची आधी नीट काळजी घेतली तर तो कितीतरी अधिक टिकतो. त्यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. खांब कुठे आणि का कुजतो हे समजले पाहिजे, आणि कामे योग्य वेळी केली पाहिजेत.

मोडलेला खांब नीट पाहा

पडलेला खांब सरपणात टाकण्याआधी एकदा हातात घेऊन पाहा. वरचे टोक उन्हापावसाने करडे पडलेले असते, थोडे तडकलेले असते, पण लाकूड टणक असते. जमिनीत दीड-दोन फूट खोल गेलेले बूडही पुष्कळदा बरेच शाबूत निघते. मोडतो तो मधला भाग. मातीच्या वर चार बोटे आणि मातीच्या खाली वीत-दीड वीत, एवढ्याच पट्ट्यात लाकूड मऊ, भुसभुशीत झालेले असते. खांब कुजतो तो मातीच्या तोंडाशी.

असे का होते? लाकूड कुजविणारी असते ती बुरशी. तिला जगायला चार गोष्टी लागतात: अन्न, ओल, हवा आणि ऊब. अन्न म्हणजे लाकूड स्वतःच. खांबाच्या वरच्या भागाला हवा आणि ऊब असते, पण पाऊस थांबला की तो वाळतो. तिथे ओल टिकत नाही. खूप खोल, ओल्या घट्ट मातीत ओल असते, पण हवा कमी पडते. मातीच्या तोंडाशी मात्र चारही गोष्टी एकत्र येतात. वरून ओघळलेले पाणी तिथे मुरते, मातीची ओल तिथे चढते, हवा खेळती असते आणि ऊबही भरपूर. बुरशीला याहून चांगले घर मिळणार नाही.

चारांपैकी एक गोष्ट जरी काढून घेतली तरी लाकूड टिकते. घरातले तुळई-खांब पिढ्यान्‌पिढ्या टिकतात, कारण ते कोरडे असतात. उलट, इटलीतील व्हेनिस शहरातल्या जुन्या इमारती चिखलात ठोकलेल्या लाकडी खांबांवर शेकडो वर्षे उभ्या आहेत, कारण पाण्याखालच्या त्या चिखलात हवा पोचत नाही. लाकडाला नुसते पाणी मारीत नाही आणि नुसती हवाही मारीत नाही. दोन्ही एकत्र आल्या की घात होतो.

दुसरा शत्रू वाळवी. काही भागांत हिला उधई म्हणतात. ती मातीतून येते, उजेड टाळते आणि खांबावर मातीच्या बारीक नळ्या बांधून वर चढते. बाहेरून खांब धडधाकट दिसतो आणि हाताने दाबला की आत पोकळ निघतो. वाळवीही मातीतूनच लाकडात शिरते. म्हणून दोन्ही शत्रूंना अडविण्याची जागा एकच आहे. जमिनीत जाणारा भाग आणि मातीच्या वरचा अर्धा फूट यांची काळजी घेतली की लढाई बरीचशी जिंकली. सबंध खांबाला वरपासून खालपर्यंत रंग देण्यात पैसे घालविण्याची गरज नाही.

लाकूड निवडताना

कोणत्याही झाडाचे बुंध्याचे लाकूड आडवे कापून पाहा. मध्ये गडद रंगाचा गाभा दिसतो आणि सालीखाली फिकट, पांढुरके कडे दिसते. टिकाऊपणा असतो तो गाभ्यात. पांढऱ्या लाकडात झाडाचा रस वाहत असतो, त्यात पिष्ट आणि साखर असते. त्यामुळे ते बुरशीला आणि किडीलाही प्रिय असते. साग म्हटला की आपण निर्धास्त होतो, पण सागाचा टिकाऊपणासुद्धा गाभ्यापुरताच आहे. विरळणीत काढलेला कोवळा, मनगटाएवढा सागाचा वासा बहुतेक पांढऱ्या लाकडाचाच असतो. तो साग म्हणून दहा-पंधरा वर्षे टिकेल अशी आशा धरू नये.

देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत लाकडांची परीक्षा घेण्याची एक साधी पद्धत आहे. ६० सेंटिमीटर लांब आणि ५ सेंटिमीटर जाड-रुंद असे लाकडाचे तुकडे अर्धे जमिनीत पुरून ठेवतात आणि किती वर्षांनी ते निकामी होतात हे पाहतात. सरासरी दहा वर्षे किंवा अधिक टिकणारी लाकडे पहिल्या वर्गात, पाच ते दहा वर्षे टिकणारी दुसऱ्या वर्गात आणि पाच वर्षांच्या आत जाणारी तिसऱ्या वर्गात. साग, खैर, अंजन यांचा गाभा पहिल्या वर्गात बसतो. आंबा आणि सावर तिसऱ्या वर्गात जातात. ही परीक्षा बारीक तुकड्यांची असते. जाड खांब त्याच लाकडाचा असला तरी अधिक काळ टिकतो.

आपल्या बांधावर बहुधा बाभूळ, निलगिरी किंवा सुबाभूळ मिळते. बाभळीचा जुना, गाभा धरलेला सोट कुंपणाला चांगला. निलगिरी आणि सुबाभूळ लवकर वाढतात, सरळ वाढतात, पण कोवळेपणी तोडलेल्या खांबात पांढरे लाकूड फार. ती वापरू नयेत असे नाही. पुढे सांगितलेली मेहनत केल्याशिवाय मात्र वापरू नयेत.

तोडण्यापूर्वी एक गोष्ट पाहावी. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याखाली साग, खैर, ऐन, अंजन यांसारखी झाडे स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. वनखात्याकडे अर्ज करून मगच कुऱ्हाड लावावी.

दिवाळीनंतर तोडा, मृगाआधी रोवा

पुष्कळ ठिकाणी कुंपणाची आठवण मृगाच्या तोंडावर होते. मग घाईघाईने झाड तोडायचे, ओला खांब सालीसकट रोवायचा आणि तार ओढायची. असा खांब पहिल्या पावसातच बुरशीला आमंत्रण देतो. लाकडात मूळचीच ओल असते, साल ती ओल धरून ठेवते आणि सालीखाली किडे अंडी घालतात.

कामाचा क्रम असा ठेवावा. पाऊसकाळ संपल्यावर, दिवाळीच्या पुढे, खांब तोडावेत. तोडल्याबरोबर, लाकूड ओले असतानाच साल सोलावी. ओली साल कोयत्याने सहज निघते, वाळलेली निघता निघत नाही. साल सोलताना आतले पातळ अस्तरही खरवडून काढावे. ते राहिले तर पुढे डांबर किंवा औषध लाकडात शिरत नाही.

सोललेले खांब जमिनीवर टाकू नयेत. खाली दगड किंवा विटा ठेवून वीतभर उंचीवर, एक थर उभा आणि एक थर आडवा अशी चौकट रचावी. मधून वारा खेळला पाहिजे. कडक ऊन लागले तर खांब फार तडकतात, म्हणून झाडाच्या सावलीत रचावे आणि वरून पाचट किंवा जुने पत्रे टाकावेत. हिवाळा आणि अर्धा उन्हाळा असा चार-पाच महिने वारा मिळाला की मनगटापेक्षा थोडे जाड खांब चांगले वाळतात. फार जाड सोट असतील तर एक वर्ष आधीच तयारी करावी. खांब वाळला की नाही हे ओळखायचे कसे? दोन खांब एकमेकांवर आपटून पाहा. वाळलेल्या लाकडाचा आवाज खणखणीत येतो, ओल्याचा बद्द येतो.

खांबाचे टोक तासणे, तारेसाठी खाचा पाडणे, भोके पाडणे ही सगळी कामे औषध लावण्याच्या आधी उरकून घ्यावीत. औषध लाकडात वरच्या थरापुरतेच शिरलेले असते. नंतर कुऱ्हाड लावली की आतले कच्चे लाकूड उघडे पडते आणि सगळी मेहनत वाया जाते.

डांबर: वाळलेल्या खांबालाच

घरच्या घरी करण्यासारखा सर्वांत सोपा उपाय डांबराचा. पण डांबर म्हणजे कोणते हे समजून घ्यावे. रस्त्यावर ओततात ते खनिज तेलापासून निघालेले असते. ते पाणी अडविते, पण बुरशीला मारीत नाही. दगडी कोळशापासून निघालेले डांबर वेगळे. त्यात बुरशीला विषारी अशी द्रव्ये असतात. लाकडासाठी हे दुसरे मागावे.

खांबाचा जमिनीत जाणारा भाग आणि वरचा अर्धा फूट, एवढ्याला गरम डांबराचे दोन हात द्यावेत. पहिला हात पातळ असावा म्हणजे तो लाकडाच्या भेगांत उतरतो. तो वाळल्यावर दुसरा द्यावा. भेगा आणि बुडाची कापलेली बाजू यांत डांबर भरपूर मुरवावे, कारण पाणी लाकडाच्या कापलेल्या तोंडातून सर्वांत जलद शिरते.

ओल्या खांबाला डांबर कधीही लावू नये. बाहेरून कवच बसते, आतली ओल आतच कोंडते आणि खांब पोटातून कुजतो. बाहेरून काळाभोर, तुकतुकीत दिसणारा खांब दोन वर्षांत मोडला की लोक डांबराला दोष देतात. दोष डांबराचा नसतो, घाईचा असतो.

खांबाचे बूड जाळून काळे करण्याची पद्धत जुनी आहे. तिच्यात थोडे तथ्य आहे, पण नुसते जाळणे पुरत नाही. कोळशाच्या थराला बारीक भेगा पडतात आणि त्यांतून ओल आतल्या लाकडाला भिडते. शिवाय जास्त जाळले तर खांब बारीक होतो. जाळायचेच तर वरवर जाळावे, काजळी खरवडावी आणि लाकूड गरम असताना डांबर लावावे. मात्र आग पुरती विझलेली असली पाहिजे.

पिंपातली गरम-थंड आंघोळ

याहून पक्का उपाय क्रिओसोट तेलाचा. हे तेलही दगडी कोळशाच्या डांबरापासूनच काढतात. रेल्वेचे लाकडी स्लीपर याच तेलात मुरवीत असत. वरून फासण्यापेक्षा ते लाकडात मुरविले तर फार अधिक काळ काम देते. त्याची युक्ती अशी.

पोट दुखले म्हणजे दिव्यावर तांब्या उपडा लावतात आणि तो पोटाला घट्ट चिकटतो, हे पुष्कळांनी पाहिले असेल. गरम हवा निवली की आकसते आणि ओढ धरते. लाकडाच्या पोटातही हवा असते. लाकूड तेलात तापविले की ती हवा फुगून बुडबुड्यांनी बाहेर पडते. मग त्याच तेलात लाकूड निवू दिले की आत ओढ बसते आणि तेल आत शिरते.

दोनशे लिटरचे लोखंडी पिंप घ्यावे. खांब दोन फूट गाडायचा असेल तर अडीच फूट भाग तेलात बुडेल असा हिशेब ठेवावा. आधी वाळलेले आठ-दहा खांब उभे करून मग तेल ओतावे. वर चार-पाच बोटे पिंप रिकामे राहिले पाहिजे. खाली मंद जाळ करून तेल पाणी उकळते त्याच्या थोडे खालपर्यंत, सुमारे ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे आणि दोन-तीन तास तसेच ठेवावे. मग जाळ विझवून खांब रात्रभर त्याच तेलात निवू द्यावेत. तेल शिरते ते निवताना, म्हणून गरम असतानाच खांब उपसू नयेत. सकाळी काढून थोडा वेळ पिंपावरच निथळू द्यावेत.

हे काम मोठ्या जबाबदारीचे आहे. तेल उकळू देऊ नये. ओला खांब घातला तर आतल्या पाण्याची वाफ होऊन तेल फेसाळते, पिंपाबाहेर येते आणि पेट घेते. जवळ कोरडी माती किंवा वाळू भरून ठेवावी; पेटलेल्या तेलावर पाणी टाकू नये. काम घरापासून, गंजीपासून, गोठ्यापासून आणि विहिरीपासून दूर, उघड्यावर करावे. डांबराचा आणि क्रिओसोटचा धूर छातीत घेणे आणि तेल कातडीला वारंवार लागणे आरोग्याला घातक आहे, त्यात कर्करोगाचाही धोका आहे. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि वाऱ्याच्या पाठीमागे उभे राहण्याची सवय ठेवावी. तेल लागलेल्या कातडीवर ऊन पडले तर आग होते. लहान मुलांना त्या दिवशी शेतावर नेऊ नये. ज्यांच्या घरी एवढी सोय आणि माणसे नाहीत त्यांनी गरम डांबराच्या दोन हातांवर भागवावे.

कारखान्यातून औषध मुरवून आलेले खांब

बाजारात दाबाखाली औषध मुरविलेले लाकूडही मिळते. त्याची एक अभिमानाची कथा आहे. तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या क्षारांचे मिश्रण लाकडात मुरवून ते टिकविण्याची पद्धत सोंती कामेशम या भारतीय शास्त्रज्ञांनी देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत १९३३ साली शोधली. ती पुढे जगभर पसरली आणि लाखो तारांचे खांब व कुंपणाचे खांब त्या औषधाने टिकले. आर्सेनिक विषारी असल्यामुळे अमेरिकेत २००३ सालाच्या अखेरीस घरगुती वापराच्या लाकडासाठी ते बंद करण्यात आले. असे हिरवट झाक असलेले खांब तुमच्याकडे असतील तर बांधावर खुशाल उभे राहू द्या, पण त्यांचे तुकडे चुलीत किंवा बंबात कधीही घालू नका. त्यांचा धूर आणि राख दोन्ही विषारी असतात. गव्हाणीला, पाण्याच्या हौदाला असे लाकूड वापरू नका. डांबर आणि क्रिओसोट लावलेल्या लाकडालाही हेच नियम लागू आहेत. भगिनींनो, सरपणाची निवड बहुधा तुमच्या हाती असते. काळे किंवा हिरवट खांब त्यातून आधी बाजूला काढा.

हे उपाय करू नका

इंजिनातले जळके तेल फुकट मिळते म्हणून लोक खांबाला फासतात. ते वरवर राहते, पावसाने धुपते आणि मातीत, विहिरीत उतरते. त्यात आरोग्याला घातक द्रव्ये असतात. फुकटचे म्हणून ते विहिरीच्या पाण्यात मिसळू देणे परवडणारे नाही.

मोरचूद बुरशीला मारते हे द्राक्ष-डाळिंबवाल्यांना बोर्डो मिश्रणामुळे ठाऊक आहे. पण नुसते मोरचूद पाण्यात कालवून खांबाला लावले तर ते पावसाने धुऊन जाते, आणि लोखंडाला ते खाते. त्यामुळे खिळे व तार लवकर गंजतात. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचे मिश्रण छपराखालच्या वाशांना आणि बांबूला चांगले. मातीतल्या खांबात ते टिकत नाही, ओलीबरोबर निघून जाते.

वाळवीसाठी खड्ड्यात बीएचसीची भुकटी टाकण्याची एके काळी रीत होती. बीएचसीवर आपल्या देशात १९९७ सालापासून बंदी आहे, आल्ड्रिनवरही बंदी आहे. माळ्यावर जुना डबा सापडला तर तो खड्ड्यात रिकामा करू नका. तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचारा. वाळवीवर पहिला उपाय स्वच्छतेचा. खांबाभोवतीची जुनी खोडे, मुळे, धसकटे आणि पालापाचोळा काढून टाका. तिचे अन्न जवळ नसले तर ती तिकडे कमी फिरकते.

कोकणात काजूच्या टरफलाचे तेल होड्यांना आणि लाकडाला लावतात. ते उपयोगी आहे, पण अंगाला लागले तर फोड येतात. हाताला जपून वापरावे.

रोवणीत निम्मे यश

सात फुटी खांब असेल तर दोन फूट जमिनीत आणि पाच फूट वर. कोपऱ्याच्या आणि फाटकाच्या खांबांवर तारेचा सगळा ताण येतो, म्हणून ते जाड, आठ फुटी घ्यावेत आणि तीन फूट गाडावेत. त्यांना तिरका टेकूही द्यावा.

खड्ड्याच्या तळाशी चार बोटे खडी किंवा दगडगोटे टाकावेत म्हणजे बुडाशी पाणी साचत नाही. काळ्या मातीत विशेष काळजी घ्यावी. ती ओल धरून ठेवते, उन्हाळ्यात भेगाळते, खांब ढिला होतो आणि पुढच्या पावसाचे पाणी त्या भेगेतून थेट बुडाशी उतरते. अशा जमिनीत खांबाभोवती काढलेली माती परत न घालता मुरूम आणि बारीक दगड भरावेत. वीत-वीतभर थर टाकून प्रत्येक थर पहारेने चांगला चोपावा. शेवटी खांबाभोवती मुरमाचा उतरता ओटा करावा. पाणी खांबाकडे न येता खांबापासून दूर गेले पाहिजे. हा दोन घमेली मुरूम पुष्कळांना निरर्थक वाटतो, पण मातीच्या तोंडाशी ओल न राहू देण्याचे काम तोच करतो.

काही जण खांबाच्या बुडाभोवती सिमेंट काँक्रीट ओततात. तळ बंद करून वाटीसारखे काँक्रीट केले तर त्यात पाणी साचते आणि खांब उलट लवकर कुजतो. काँक्रीट करायचेच तर तळ खडीचा मोकळा ठेवावा आणि वरची बाजू बाहेर उतरती, जमिनीपेक्षा थोडी उंच करावी.

खांबाचे डोके सपाट ठेवू नये. तिरके कापावे, किंवा वर पत्र्याचा तुकडा ठोकावा. सपाट डोक्यावर पाणी साचून ते भेगांतून आत उतरते.

वर्षातून एकदा कुंपणाची फेरी

पाऊसकाळ संपला की नवरात्र-दसऱ्याच्या सुमारास कुंपणाची एक फेरी घाला. प्रत्येक खांब हाताने ढकलून पाहा. हलणाऱ्या खांबाभोवती वीतभर माती उकरा आणि विळ्याचे टोक लाकडात टोचा. चांगल्या लाकडात टोक रुतत नाही; रुतले तरी लाकूड तंतूंनी सुटते. कुजलेल्या लाकडात टोक सहज जाते आणि भुसा निघतो.

वरवर कुजले असेल आणि आतला गाभा पक्का असेल तर खांब बदलण्याची गरज नाही. मऊ लाकूड खरवडून काढा, दोन-चार दिवस उघडे ठेवून वाळू द्या, गरम डांबर लावा आणि मुरूम भरा. खांब मातीच्या तोंडाशी मोडलाच तर वरचा भाग टाकून देऊ नका. कुजका भाग कापून तो फाटकाच्या टेकूला किंवा आखूड कुंपणाला वापरा, नाहीतर जमिनीत दगडी किंवा सिमेंटचा आखूड खुंट गाडून त्याला बोल्टाने जोडा. लाकूड मग मातीला लागतच नाही.

न कुजणारा खांब: जिवंत खांब

कुजण्याचा प्रश्नच नसलेला एक खांब आपल्या वाडवडिलांना ठाऊक होता. पानमळ्यात वेलाला आधार म्हणून शेवरी, हादगा, शेवगा, पांगारा ही झाडे लावतात. जिवंत झाड कुजत नाही. पांगारा, शेवगा, ग्लिरिसिडिया यांच्या मनगटाएवढ्या जाड, पाच-सहा फुटी फांद्या पावसाच्या तोंडावर तोडून लगेच रोवल्या की त्यांना मुळे फुटतात. ग्लिरिसिडियाचा पाला शेताला हिरवळीचे खत होतो, शेवग्याच्या शेंगा घरच्या आमटीत पडतात.

जिवंत खांबावर तार ठोकताना मध्ये लाकडाची पट्टी ठेवावी, नाहीतर खोड वाढून तार पोटात घेते. पहिली एक-दोन वर्षे हे खांब ताण सोसत नाहीत. म्हणून दर दोन वाळलेल्या खांबांच्या मध्ये एक जिवंत खांब लावावा. वाळलेले खांब म्हातारे होतील तेव्हा जिवंत खांब तार पेलण्याइतके जाड झालेले असतील. त्यांच्या बुडाशी सागरगोटा, चिलार किंवा करवंद लावले तर रानडुकरालाही वाट सहज सापडत नाही.

हिशेब करून पाहा

एक एकराचे चौरस शेत घेतले तर त्याचा घेर साधारण ८३५ फूट होतो. आठ फुटांवर एक खांब धरला तर १०५ खांब लागतात. समजा, ओले, सालीसकट रोवलेले खांब चार वर्षे टिकले आणि वाळवून, डांबर लावून, मुरमात रोवलेले बारा वर्षे टिकले. बारा वर्षांत पहिल्या शेतकऱ्याला ३१५ खांब लागतील, दुसऱ्याला १०५. मधले २१० खांब म्हणजे तितकी झाडे, तितके खड्डे, तितक्यांदा तार सोडून पुन्हा ओढणे, आणि तेही पेरणीच्या ऐन घाईत. आपल्या गावातल्या लाकडाचे आणि मजुरीचे भाव घालून हा हिशेब घरात सर्वांनी मिळून करून पाहावा.

येत्या दिवाळीनंतर एका बाजूच्या खांबांपासून सुरुवात करा. सबंध कुंपण एका वर्षात बदलण्याची गरज नाही. जी बाजू रानाकडे किंवा गुरांच्या वाटेकडे आहे ती आधी घ्या. साल सोला, वाळवा, मातीच्या तोंडाशी डांबर द्या, मुरूम चोपा. मग ज्वारी हुरड्यात येईल तेव्हा राखणीला बसलेल्या माणसाचे निम्मे काम तुमचे खांबच करतील.